आजीच्या गोळ्या आणि कढीपत्त्याची कुंडी

काकू, सादर नमस्कार.

आम्ही इंदूरचेच, लोकमान्य नगरात राहतो. घरात आम्ही दोघं, दहा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंना कॅन्सर आहे, आता हाडांत उतरलाय. एप्रिलपासून डॉक्टरांनी मॉर्फिनच्या गोळ्या सुरू केल्या, दर चार तासांनी एक. त्याआधी त्यांना कूससुद्धा बदलता येत नव्हती. गोळ्या सुरू झाल्यावर त्या उठून ओट्यापाशी येऊन बसायला लागल्या, नातवाकडून एकोणीसचा पाढा म्हणवून घ्यायला लागल्या.

जुलैत मुलाच्या शाळेत नशामुक्तीचा कार्यक्रम झाला. एका संस्थेच्या ताई होत्या आणि वर्दीतले एक काका. पडद्यावर सडलेल्या तोंडांची, रस्त्यात पडलेल्या माणसांची चित्रं दाखवली. फळ्यावर यादी लिहिली: गांजा, चरस, अफू, मॉर्फिन, हेरॉइन. मग हात पुढे करून शपथ. आमच्या चिरंजीवांनी विचारलं, महाकालाला भांगेचा शृंगार करतात, ते चालतं का? सगळे हसले, त्याला खाली बसवलं. काका म्हणाले, ज्याच्या घरात यातलं काही सापडेल तो ‘दस साल अंदर’.

घरी येऊन तो काही बोलला नाही. चार दिवसांनी, शनिवारी रात्री, सासूबाईंच्या दोन्ही नव्या स्ट्रिप गायब. रात्रभर त्यांचं कण्हणं ऐकवत नव्हतं. पहाटे तीनला मुलगा जिन्यात सापडला, कानांवर हात दाबून बसलेला. ह्यांनी विचारलं, तो बोलेना, ह्यांनी दोन ठेवून दिल्या. तेव्हा ओरडला, “तुम्हीपण नशेडी आहात, रोज पाऊच खाता!” सकाळी कुंडीत पाणी घालताना मातीत चांदी चमकली. गोळ्या काढून मातीत कालवल्या होत्या, रिकामी पाकिटं वर पुरली होती. म्हणाला, पोलीस आले तर आजीच्या उशीखाली सापडू नयेत म्हणून. रविवारी डॉक्टरांनी इंजेक्शनची सोय केली, सोमवारी गोळ्या मिळाल्या.

आता तो आजीच्या खोलीत पाऊल टाकत नाही. मला रात्री विचारतो, आजी गोळीने मरेल का? आणि सासूबाई गोळी नको म्हणतात. “पोराला भीती वाटते, मी सोसते.” हे गप्प आहेत. मी शाळेत जाऊन भांडू का? मुलाला काय सांगू? आणि ताजा कलम, हसू नका, त्या कुंडीतला कढीपत्ता वापरला तर चालेल का?

— एक आई, इंदूर

•

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि उत्तर कुठून सुरू करायचं ते लगेच ठरलं. आधी सासूबाईंची गोळी. मुलगा, नवरा, शाळा सगळे आठ दिवस थांबू शकतात. ती गोळी चार तासही थांबू शकत नाही.

हाडांतलं दुखणं एकदा चढू दिलं की नेहमीच्या मात्रेने ते खाली येत नाही, जास्त औषध लागतं. म्हणूनच ती गोळी घड्याळ बघून देतात, दुखेल तेव्हा नाही. शिवाय एप्रिलपासून चालू असलेलं औषध असं एकाएकी सोडलं तर घाम, पोटात मुरडा, तगमग, हे सगळं होणार. ते झालं म्हणजे त्यांना व्यसन लागलं होतं असं कोणी म्हणेल तर ऐकू नका. प्रेशरची काही औषधंही एकदम बंद केली तर शरीर असंच बंड करतं, म्हणून प्रेशरच्या पेशंटला आपण नशेडी म्हणत नाही. डॉक्टरांना आजच फोन करा, किती गोळ्या चुकल्या ते स्पष्ट सांगा आणि पुढे कसं द्यायचं ते त्यांनाच ठरवू द्या. चुकलेल्या भरून काढायला तुम्ही आपल्या मनाने दोन-दोन देऊ नका.

सासूबाईंशी बोलताना “औषध आहे, घ्यायलाच हवं” असं म्हणू नका. ते त्यांना तुमच्याआधी ठाऊक आहे. त्यांना एवढंच सांगा की तो जिन्यात बसला होता ते तुमचं कण्हणं ऐकून. गोळी घेतल्यावर तुम्ही त्याला पाढे विचारत होतात, तेव्हा तो घाबरला नव्हता. आपल्या घरातल्या बायका स्वतःसाठी काही घेणार नाहीत, पण नातवासाठी म्हटलं की घेतील. हा आपला जुना रोग आहे, या वेळी त्याचा फायदा करून घेऊ.

आता मुलगा.

पत्रात एक वाक्य तुम्ही ओझरतं लिहून पुढे गेलात. मी तिथेच अडकले. “पोलीस आले तर आजीच्या उशीखाली सापडू नयेत म्हणून.” तुम्हाला वाटतंय त्याने आजीचं औषध फेकलं. त्याच्या हिशोबाने त्याने आजीला दहा वर्षांच्या तुरुंगातून वाचवलंय. त्याला शाळेत दोन गोष्टी कळल्या: हे घेणारा मरतो, आणि हे ठेवणारा आत जातो. आजी दोन्ही करत होती. कोणाला विचारावं, तर वर्गात एक प्रश्न विचारला तेव्हा सगळे हसले. दहा वर्षांच्या मुलाने चार दिवस हे एकट्याने पोटात ठेवलं आणि मग त्याला जे सुचलं ते केलं. त्यासाठी त्याने आख्ख्या घरातली एकमेव माती शोधली. आणि ज्या आजीसाठी केलं तीच रात्रभर तळमळत राहिली. पोर कानांवर हात दाबून बसणार नाही तर काय करणार? मार त्यानंतर पडला, तो वेगळाच.

त्यामुळे त्याला माफी मागायला लावू नका. “आजीला सॉरी म्हण” हे आपल्याकडे फार पटकन तोंडात येतं. तो आजीला टाळतोय तो अपराधीपणानेच, त्यावर आणखी एक थर कशाला?

त्याला खरी गोष्ट सांगा, आणि ती आपल्या माळव्याचीच आहे. मी नऊ वर्षांची असताना मामा मंदसौर जिल्ह्यात एका गावी पोस्टमास्तर होते. फेब्रुवारीत आम्ही गेलो तेव्हा शेजारच्या पाटीदारांच्या शेतात पांढरी फुलं डोलत होती. इतकं सुंदर शेत मी तोवर पाहिलं नव्हतं. मामीने दंडाला धरून बांधावरच थांबवलं. फुलं गळली की खाली हिरवं बोंड राहतं, त्याला तिकडे डोडा म्हणतात. संध्याकाळकडे बोंडाला बारीक चिरा मारतात, रात्रभर चीक पाझरतो, सकाळी तो खरवडून घेतात. तीच अफू. शेत कोणालाही लावता येत नाही, सरकारचा पट्टा, म्हणजे परवाना लागतो, बहुतेकांना दहा आरीचाच (हेक्टरचा दहावा भाग) मिळतो, आणि हंगामाच्या शेवटी सगळी अफू सरकारपुढे तोलून द्यावी लागते. हा कारभार बघणाऱ्या केंद्रीय नार्कोटिक्स ब्युरोचं मुख्यालय ग्वाल्हेरला आहे आणि अफूवर प्रक्रिया करणारा सरकारी कारखाना नीमचला. आख्ख्या देशात असे दोनच, दुसरा गाजीपूरला. अफूतून मॉर्फिन निघतं. म्हणजे तुमच्या सासूबाईंच्या उशाशी असलेलं औषध ज्या पिकातून येतं ते आपल्या घरापासून चार-पाच तासांवर पिकतं.

आणि बोंड वाळलं की त्यातून निघते खसखस. आपली, अनारशांवरची.

ही खसखस मला फार उपयोगी वाटते. स्वयंपाकघरातली बरणी काढा, चिमूटभर त्याच्या तळहातावर घाला आणि विचारा, हे काय? तो म्हणेल, अनारशाचं. मग सांगा की हे आणि आजीची गोळी एकाच झाडाची. आणि शाळेतल्या यादीतली अफू, हेरॉइन, तेही त्याच झाडाचं. त्याचे डोळे मोठे होतील. होऊ द्या. मग त्यालाच विचारा, फरक कशात? बी खाऊन काही होत नाही, हे त्याला दर दिवाळीत कळलेलंच आहे. गोळीत किती मॉर्फिन आहे ते पाकिटावर छापलंय, दहा मिलिग्रॅम असेल तर दहाच. ती कोणाला द्यायची, केव्हा, किती, हे आजीला तपासलेल्या डॉक्टरांनी लिहून दिलंय, आणि उद्या आजीला झोप जास्त यायला लागली तर तेच ती कमी करतील. गल्लीच्या कोपऱ्यावर पुडी विकणाऱ्याला यातलं काहीही ठाऊक नसतं. पुडीत काय मिसळलंय हेही त्याला माहीत नसतं, आणि घेणारा मेला तरी त्याला काही नाही. दहा वर्षांच्या मुलाला हे कळतं. “नशा वाईट” यापेक्षा जास्त कळतं.

पण एका बाबतीत तो बरोबर आहे आणि ते त्याला ऐकवा. ती गोळी आजीसाठी औषध असली तरी त्याच्यासाठी जहरच आहे. आजीचं शरीर हळूहळू त्या मात्रेला सरावलंय, लहान मुलाचा श्वास तिने थांबू शकतो. ती उशीखाली ठेवायची वस्तूच नव्हती. ही चूक मोठ्यांची, तुमची. आजच कपाटात कुलपाखाली जाऊ दे, किल्ली तुमच्या कमरेला. “तू म्हणालास ते खरं होतं, ती अशी उघड्यावर नको होती” असं त्याला सांगा. तो ताठ होईल थोडा.

पोलिसांचं भय वेगळं काढावं लागेल. अमली पदार्थांचा कायदा 1985 चा आहे आणि त्यातच वैद्यकीय उपयोगाला जागा ठेवली आहे. उलट त्या कायद्याच्या कडक नियमांमुळे कितीतरी वर्षं दवाखान्यांना मॉर्फिन मिळवणं कठीण झालं होतं, माणसं कळा सोसत गेली. केरळचे डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्यासारख्या डॉक्टरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा 2014 मध्ये संसदेने कायदा बदलून मॉर्फिनसारखी औषधं मान्यताप्राप्त दवाखान्यांना मिळणं सोपं केलं. इतका इतिहास मुलाला नको. त्याला फक्त डॉक्टरांची चिठ्ठी दाखवा, तिची एक झेरॉक्स गोळ्यांच्या डब्यात ठेवा, आणि सांगा: कोणी विचारलं तर हा कागद दाखवायचा, आणि तो दाखवणं माझं काम आहे, तुझं नाही. शेवटचे पाच शब्द मुद्दाम जोरात म्हणा.

भांगेचा प्रश्न. वर्गात सगळ्यात चांगला प्रश्न त्याने विचारला होता हे त्याला कळू द्या. खरं उत्तर असं की कायद्याने भांगेचं पान गांजा-चरसमधून वगळलंय, म्हणून आपल्या राज्यात तिचे सरकारी ठेके आहेत आणि महाकालाला शृंगार होतो. पण कायद्याने चालतं म्हणजे अंगाला चालतं असं नाही. दारूचंही दुकान असतंच की. आणि मुलांना दोन्ही नाही. एवढं सांगायला त्या काकांना अर्धं मिनिट लागलं असतं.

आता तो रात्रीचा प्रश्न. आजी गोळीने मरेल का?

नाही. डॉक्टरांनी मोजून दिलेलं मॉर्फिन माणसाला मारत नाही, हे त्याला त्याच शब्दांत सांगा, न अडखळता. सुरुवातीचे काही दिवस आजी गुंगीत असायची, ती त्याने पाहिलीय, आणि पडद्यावरचा रस्त्यात पडलेला माणूसही पाहिलाय. दोन्ही चित्रं त्याने जोडली. ती तुम्हीच वेगळी करून द्यायची आहेत: कित्येक महिन्यांनी आजीला नीट झोप लागत होती, म्हणून ती झोपायची.

पण तुम्ही “नाही” म्हटल्यावर तो पुढचा प्रश्न विचारेल, आणि मला वाटतं तुम्ही त्यालाच घाबरताय. मग कशाने मरेल? आपल्या घरांत या जागी विषय बदलतात. चल दूध पी. देवबाप्पा आहे ना. मीही बदललाय, माझ्या मुलांसमोर, माझ्या सासऱ्यांच्या वेळी, आणि धाकटा पुढे कित्येक महिने दूध प्यायला की रडायचा, ते का हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही बदलू नका. आजीला मोठा आजार आहे, तो बरा होणारा नाही, डॉक्टर आजार घालवू शकत नाहीत पण दुखणं घालवू शकतात आणि गोळी त्यासाठीच आहे. तीन-चार वाक्यं पुरे. तो रडेल. किंवा रडणार नाही, बॅट घेऊन खाली निघून जाईल आणि दोन दिवसांनी जेवताना मध्येच काहीतरी विचारेल. दोन्ही ठीक. झोप उडालेलीच राहिली, शाळेत जाईनासा झाला, तर 14416 हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे, मोफत आहे, तिथे बोला.

तुमच्या यजमानांकडे येते. हे उत्तर त्यांनाही वाचायला द्या.

भाऊ, हात उचललात ते चुकलं, हे तुम्हाला कळलंय म्हणूनच तुम्ही गप्प आहात. आई तळमळत होती, पहाटेचे तीन वाजले होते, मी समजू शकते. पण गप्प राहण्याने मुलाला काहीच कळत नाही. त्याला वाटतं बाबा अजून चिडलेत. “मी मारायला नको होतं” एवढं एक वाक्य, बाकी स्पष्टीकरण नको, “पण तूसुद्धा” तर मुळीच नको.

आणि पाऊच. मुलगा जे ओरडला ते उद्धटपणे ओरडला, पण खोटं नव्हतं. आपल्या मध्य प्रदेशने 1 एप्रिल 2012 ला गुटख्यावर बंदी घातली, नव्या अन्नसुरक्षा नियमांखाली देशात सगळ्यात आधी. दुसऱ्या दिवसापासून टपरीवर काय झालं ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. मसाल्याचा पाऊच वेगळा, तंबाखूचा वेगळा, तळहातावर दोन्ही एक करायचे आणि तोंडात टाकायचे. बंदी जिथल्या तिथे. शाळेच्या पडद्यावर जी सडलेली तोंडं दाखवली ती बहुतेक मॉर्फिनची नव्हतीच, तंबाखूची होती. म्हणजे त्या कार्यक्रमाने घाबरायला हवं होतं तुम्ही, आणि घाबरली आजी. शाळेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायला कायद्याने बंदी आहे, पण मुलाला सोडायला जाताना वडीलच खिशात घेऊन जातात त्याला कायदा काय करणार?

सोडायचा असेल तर 1800-11-2356 वर फोन करा. सरकारची तंबाखू सोडण्याची मदतवाहिनी आहे, पैसे पडत नाहीत. पहिले तीन दिवस वाईट जातात, चिडचिड होते, म्हणून आईच्या आजारपणाचा सगळ्यात कठीण आठवडा त्यासाठी निवडू नका. पण तारीख ठरवा. मुलाला सांगायचं तर इतकंच सांगा की मला सवय लागलीय, सोडायला जड जातंय, प्रयत्न करतोय. त्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेऊ नका. तुटली तर तो काय समजेल याचा विचार करा. आणि त्याला तुमच्या खिशावर पहारेकरी नेमू नका. “तूच बघ हं, बाबांनी खाल्लं तर मला सांग” हे आपण गंमतीत म्हणतो, पण हा मुलगा असली गंमत गंमत समजणारा नाही. मातीत गोळ्या पुरून बसलाय.

शाळेत जा, पण भांडायला नाही. पालकांच्या ग्रुपवर तर एक अक्षर लिहू नका, संध्याकाळपर्यंत “त्यांच्या घरी मॉर्फिन सापडलं” असं होईल.

शाळेची बाजू मला ठाऊक आहे, कारण पस्तीस वर्षं मी त्याच बाजूला होते. 26 जूनचा अमली पदार्थविरोधी दिवस आला की वरून पत्र यायचं, फोटो पाठवा. आम्ही प्रार्थनेनंतर मुलांना उभं करायचो, हात पुढे, शपथ, फोटो, पाच मिनिटांत वर्गात. मला कधी वाटलं नाही की कोणी ती शपथ खरी समजेल. तुमच्या मुलाने समजली. त्या फोटोंत मीही उभी आहे, हे सांगून टाकते.

हे फक्त आपल्याकडे होतं असंही नाही. अमेरिकेत 1983 मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी आणि तिथल्या शाळांनी मिळून डेअर नावाचा कार्यक्रम काढला. वर्दीतला अधिकारी वर्गात येऊन शिकवायचा, मुलांना टी-शर्ट मिळायचे, देशभर शाळाशाळांत पसरला. 1990 नंतर तपासण्या झाल्या तेव्हा दिसलं की तो शिकलेली मुलं आणि न शिकलेली मुलं, पुढे नशा करण्यात फारसा फरक नाही. मधल्या काळात काही मुलांनी वर्गातल्या पोलिसकाकांवर विश्वास टाकून आईवडिलांविषयी सांगितलं आणि घरी पोलीस आले, अशाही बातम्या तिथे छापून आल्या. शेवटी 2009 च्या सुमारास त्यांनी अभ्यासक्रमच बदलला, व्याख्यान कमी करून मुलांना बोलतं करणं, नाही कसं म्हणायचं याचा सराव करून घेणं, असा केला. आपण मात्र त्यांनी टाकून दिलेलं तेवढं उचललं, असं कधीकधी वाटतं.

वर्गशिक्षिकेला एकटीला भेटा. घडलं ते सांगा, जसं मला लिहिलंत तसंच, कुंडीसकट. मग एकच मागणी करा: वर्गात एकदा त्यांनी सांगावं की यादीतली काही नावं औषधंही असतात, घरी कोणी आजारी असेल आणि डॉक्टरांनी दिली असतील तर ती नशा नाही, आणि शंका आली तर आधी घरी विचारायचं, औषधाला हात लावायचा नाही. तुमच्या मुलाचं नाव न घेता. चाळीस मुलांच्या वर्गात घरी आजारी माणूस असलेलं तुमचंच पोर असेल असं थोडंच आहे? कोणाचा मामा झोपेच्या गोळ्या घेत असेल, कोणाची आई डोकं ताळ्यावर राहावं म्हणून मानसोपचाराचं औषध घेत असेल.

जमलं तर आणखी एक बोला. 2019 मध्ये एम्सच्या पाहणीत दिसलं होतं की एकच नशा अशी आहे जी मोठ्यांपेक्षा मुलांत जास्त आहे: हुंगण्याची. दहा ते सतरा वयात शंभरात एकाहून जास्त, मोठ्यांत 0.58. पंक्चरचं सोल्यूशन, व्हाइटनर, दप्तरात आणि सायकलच्या दुकानात मिळणारं. पाचवीच्या मुलाला कोणी हेरॉइन आणून देणार नाही, पण रुमालावर ओतलेलं सोल्यूशन “हुंगून बघ” म्हणत एखादा मोठा मुलगा देऊ शकतो. तुम्ही सांगितलेल्या यादीत ते नव्हतंच. मॉर्फिन होतं.

आता राहिली आजीची खोली. त्याला ओढून नेऊ नका, आणि गोळ्यांच्या वेळी तर नाहीच. सासूबाईंना सांगा, संध्याकाळी बिछान्यातूनच त्याला हाक मारा: “अरे, एकोणीस नव्वे किती?” दाराबाहेरून उत्तर येईल. दुसऱ्या दिवशी चौकटीतून येईल. पाढे संपले तर पावकी-निमकी काढा, आजच्या मुलांना ती येत नाही आणि सासूबाईंना पक्की येत असणार. गोळ्यांचा विषय आजीनेच काढलेला बरा, तिला वाटेल तेव्हा, तिच्या शब्दांत. तिने एकदा “ही घेतली की माझं दुखायचं थांबतं रे” म्हटलं की माझ्या या सगळ्या लिहिण्यापेक्षा ते जास्त लागू पडेल.

कढीपत्ता. हसले, पण प्रश्न बरोबर आहे. रोप उपटून मुळं धुवा, नव्या मातीत लावा, आणि नवी पालवी फुटेपर्यंत पानं तोडू नका. जुनी माती बागेत ओतू नका, पाकिटांसकट पिशवीत बांधा आणि सकाळी कचऱ्याची गाडी आली की घरगुती घातक कचऱ्याच्या कप्प्यात टाकायला सांगा. गाडीवाला विचारेलच, आपल्या इंदूरचा आहे. कुंडी बदलताना मुलाला सोबत घ्या, माती त्यालाच भरू द्या. आणि नवी पालवी आल्यावर ती पोह्यांत घालायची की नाही, इंदुरी पोह्यांत कढीपत्ता चालतो की नाही, त्या वादात मी पडत नाही. ते सासूबाईंना विचारा.